लॅपटॉपवर धावतं, मोंढ्यात रांगतं: फॉक्सप्रोचा वेग नेमका कुठे अडतो

प्रश्न थोडक्यात असा. परभणीच्या मोंढ्यातल्या एका आडत दुकानात व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डेटाबेस-भाषेत लिहिलेला हिशेबाचा प्रोग्राम चालतो. एक सर्व्हर, चार कॉम्प्युटर, आणि पट्टीच्या (शेतमाल विक्रीच्या हिशेबाच्या पावतीच्या) टेबलात आठ-दहा वर्षांच्या मिळून ११ लाख नोंदी. शेतकरीनिहाय वार्षिक उलाढालीचा रिपोर्ट लॅपटॉपवर चटकन निघतो. दुकानात सोयाबीनच्या हंगामात मात्र मुनीम चहा पिऊन परत आला तरी तोच रिपोर्ट संपलेला नसतो. विचारलंय असं की स्कॅन (एकेक नोंद घेत जाणारा फेरा) वापरू की सिलेक्ट (एसक्यूएलची एकगठ्ठा आज्ञा), डिलीटेडवर (नोंद खोडल्याच्या खुणेवर) इंडेक्स, म्हणजे शोध-सूची, टाकू का, आणि सगळं सी-शार्पमध्ये नव्याने लिहायला घेऊ का.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या, बाकीची सगळी उत्तरं तिच्यातूनच निघतात. डीबीएफच्या (फॉक्सप्रोच्या टेबल-फाइलच्या) व्यवस्थेत सर्व्हर डोकं चालवत नाही, तो फक्त फाइल सांभाळतो. "खाते क्रमांक १२ च्या नोंदी दे" असं त्याला कोणी विचारत नाही. मुनिमाच्या टेबलावरचा कॉम्प्युटर म्हणतो, "या फाइलचा अमुक तुकडा पाठव", आणि शोधाशोध स्वतः करतो. त्यामुळे दुकानातला वेग म्हणजे वायरवरून किती बाइट गेले त्याचा हिशेब. लॅपटॉपवर वायरच नाही, म्हणून तिथे चुकीचा कोडही पळतो.

आकडा मांडून पाहा. एक नोंद १४० बाइटची धरली तर ११ लाख नोंदी म्हणजे साधारण १५४ एमबी. १०० एमबीपीएसच्या जुन्या स्विचवरून सेकंदाला फार तर साडेबारा एमबी जातात. म्हणजे टेबल एकदा अख्खं वाचायचं तर बारा सेकंद नुसते वाहतुकीचे, तेही वायर दुसरं कोणी वापरत नसेल तर. गिगाबिट स्विच आणि नीट क्रिंप केलेली कॅट-५ई वायर असेल तर तेच काम सव्वा सेकंदावर येतं. कोडला हात लावण्याआधी स्विचवर काय छापलंय ते बघून या. आणि डीबीएफ वायफायवर चालवू नका, मालक कितीही म्हणाले तरी.

आता तुमचा कोड. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहितो, टाइप करताना नेहमीचं स्पेलिंग.

सिलेक्ट शेतकरी
डू व्हाइल नॉट ईओएफ()
  सिलेक्ट पट्टी
  सेट ऑर्डर टू तारीख
  सम रक्कम टू एकूण फॉर ऑलट्रिम(खाते) = ऑलट्रिम(शेतकरी.खाते) अँड तारीख >= एम.पासून अँड तारीख <= एम.पर्यंत
  ...
  सिलेक्ट शेतकरी
  स्किप
एंडडू

यात वेगाच्या तीन चुका आहेत आणि हिशेबाची एक. हिशेबाची आधी, कारण ती जास्त गंभीर आहे. सेट एक्झॅक्ट ऑफ असताना फॉक्सप्रो डावी बाजू उजव्या बाजूच्या लांबीपुरतीच तपासतो. "१२०" = "१२" याचं उत्तर त्याच्या लेखी 'खरं' आहे. दोन्हीकडे ऑलट्रिम लावल्यामुळे मागच्या मोकळ्या जागा गेल्या, आणि खाते १२ च्या बेरजेत १२०, १२५, १२४७ अशा सगळ्या खात्यांच्या रकमा येऊन बसल्या. ऑलट्रिम नसतं तर "१२" पुढे चार मोकळ्या जागा राहिल्या असत्या आणि तुलना बरोबर झाली असती. दोन्ही फील्ड सारख्याच रुंदीची असतील तर ती तशीच, न कापता, दुहेरी बरोबर चिन्हाने ताडा. आज रात्रीच लहान क्रमांकाची पाच खाती काढून पट्ट्यांशी जुळवून घ्या.

वेगाची पहिली चूकही त्याच ऑलट्रिममध्ये आहे. रशमोर, म्हणजे इंडेक्स वापरून नोंदी आधीच गाळून घेणारी फॉक्सप्रोची यंत्रणा, तेव्हाच कामाला येते जेव्हा अटीची डावी बाजू इंडेक्सच्या सूत्राशी तंतोतंत जुळते. टॅग (नाव दिलेला एक इंडेक्स) 'खाते' वर आहे आणि अट ऑलट्रिम(खाते) वर, म्हणजे रशमोरच्या दृष्टीने खात्याचा टॅग नाहीच. तसंच टॅग डीटॉस(तारीख) वर आणि अट नुसत्या तारखेवर, किंवा टॅग अप्पर(नाव) वर आणि अट नाव वर. टॅगला फॉर-अट असेल किंवा तो युनिक असेल तरी रशमोर त्याला हात लावत नाही. डॉलर चिन्हाने शोधलं तर रशमोरचा प्रश्नच मिटला.

दुसरी चूक सेट ऑर्डर. फॉर-अटीने नोंदी गोळा करताना क्रम लावलेला असला की फॉक्सप्रो त्या टॅगच्या वाटेने चालतो, आणि टेबलात इकडून तिकडे उड्या पडतात. बेरजेला क्रम कशाला हवा? अशा ठिकाणी नुसतं सेट ऑर्डर टू लिहून क्रम काढून टाका.

तिसरी चूक सगळ्यात महागडी: प्रत्येक शेतकऱ्यामागे पट्टीच्या टेबलाकडे एक फेरी. ३,००० खाती असतील तर ३,००० फेऱ्या. हे सगळं एकाच आज्ञेत बसतं.

सिलेक्ट खाते, सम(रक्कम) ॲज एकूण, सम(वजन) ॲज क्विंटल ;
  फ्रॉम पट्टी ;
  व्हेअर तारीख >= एम.पासून अँड तारीख <= एम.पर्यंत ;
  ग्रुप बाय खाते ;
  इंटू कर्सर वर्षउलाढाल

तारखेवर साधा टॅग ठेवा. पट्ट्या रोजच्या रोज टेबलाच्या शेवटी जोडल्या जातात, त्यामुळे एका वर्षाच्या नोंदी फाइलमध्ये जवळपास सलग पडलेल्या असतात. दहा वर्षांतलं एक वर्ष मागितलं तर १५४ पैकी साधारण १५ एमबी वायरवर येतात, तेही एकदाच. शेतकऱ्याचं नाव आणि गाव नंतर या लहान कर्सरला, म्हणजे उत्तराच्या तात्पुरत्या टेबलाला, जोडा.

यात एक अपवाद ध्यानात ठेवा. बहुतेक सगळ्याच नोंदी लागणार असतील, उदाहरणार्थ दरवर्षीचा डेटा वेगळ्या फोल्डरमध्ये असेल आणि रिपोर्ट पूर्ण वर्षाचा, तर रशमोर उलट ओझं होतं. आधी इंडेक्स वाचा आणि मग टेबलही वाचा, असं दुहेरी काम पडतं. तिथे तारखेची अट गाळून टाका.

स्कॅन की सिलेक्ट, याचं एकच उत्तर नाही. एका शेतकऱ्याचा खातेउतारा काढायचा असेल, साठ-सत्तर नोंदींचा, तर सीक (इंडेक्समधून थेट नोंदीवर उडी) करून स्कॅन व्हाइल ही जोडी सिलेक्टलाही मागे टाकते. सीडीएक्सचा, म्हणजे टॅग साठवणाऱ्या फाइलचा, एक नोड (तुकडा) ५१२ बाइटचा. ११ लाखांच्या टॅगमध्ये इच्छित किल्लीपर्यंत मोजकेच नोड वाचून पोचता येतं, आणि पुढे फक्त लागतील तेवढ्या नोंदी. त्यासाठी टॅग असा करा:

इंडेक्स ऑन खाते + डीटॉस(तारीख) टॅग खातेदिन

सेट ऑर्डर टू खातेदिन, सीक शेतकरी.खाते, मग स्कॅन व्हाइल खाते == शेतकरी.खाते. उतारा आपोआप तारखेच्या क्रमाने येतो. पण या जोड-टॅगचा रशमोरला उपयोग नाही, 'खाते' वरचा साधा टॅग वेगळा लागतोच. आणि स्कॅन व्हाइलच्या आत खाते किंवा तारीख बदलू नका. किल्ली बदलली की नोंद टॅगमध्ये दुसरीकडे जाऊन बसते आणि फेरा मध्येच तुटतो किंवा तीच नोंद पुन्हा भेटते. नोंद आहे की नाही एवढंच बघायचं असेल तर इंडेक्ससीक() वापरा, पॉइंटर जागचा हलत नाही.

डू व्हाइल आणि स्किपच्या जागी स्कॅन लिहिण्याचा मोठा फायदा वेगापेक्षा सुरक्षिततेचा. मधल्या एखाद्या फंक्शनने वर्क-एरिया (चालू टेबलाची जागा) बदलला तरी एंडस्कॅन आपल्या टेबलावर परत येतो. डू व्हाइलमध्ये भलत्याच टेबलावर स्किप होत राहतं आणि प्रोग्राम अडकून पडतो.

डिलीटेडवरच्या इंडेक्सबद्दल जरा सविस्तर, कारण इथे जुना सल्ला नेटवर्कवर उलटा पडतो. सेट डिलीटेड ऑन असताना प्रत्येक अटीला "आणि खोडलेली नसावी" हे शेपूट आपोआप जुळतं. त्यासाठी टॅग नसेल तर रशमोर 'पार्शल' दाखवतो, टॅग टाकला की 'फुल'. म्हणून लोक डोळे झाकून इंडेक्स ऑन डिलीटेड() टाकतात. पण टेबलातल्या जवळपास सगळ्याच नोंदी न-खोडलेल्या असतात, म्हणजे त्या टॅगचा जवळपास सगळा भाग दरवेळी वाचावा लागतो. ११ लाख नोंदींना तो तीन-चार एमबी होतो. साठ नोंदींच्या उताऱ्यासाठी चार एमबी ओढायचे! पार्शल असतं तर साठ नोंदी आणल्या असत्या आणि त्यातल्या खोडलेल्या जागच्या जागी वगळल्या असत्या. म्हणजे 'फुल' दिसतंय म्हणून ते जलद असेलच असं नाही.

फॉक्सप्रो ९ मध्ये यावर चांगला तोडगा आला:

इंडेक्स ऑन डिलीटेड() टॅग खोडले बायनरी

यात नोंदीमागे एक बिट. ११ लाख नोंदींना सुमारे १३५ केबी. हा जरूर टाका. बायनरी टॅगवर सीक चालत नाही, पण डिलीटेडवर सीक कोण करतं? फॉक्सप्रो ८ किंवा त्याआधीची आवृत्ती असेल तर मोठ्या टेबलावर साधा डिलीटेड टॅग काढून टाकून मोजून पाहा.

मोजायचं कसं, तर आधी:

सिस(३०५४, ११)

मग सिलेक्ट चालवा. कोणता टॅग वापरला आणि टेबलाची पातळी फुल, पार्शल की नन, ते पडद्यावर येतं. हे सिलेक्टसारख्या एसक्यूएल आज्ञांपुरतंच आहे, म्हणून स्कॅन फॉरची अट तपासायची तर तीच अट एका सिलेक्टमध्ये टाकून बघा. काम झाल्यावर सिस(३०५४, ०).

वेळ मोजायला सेकंड्स() पुरतं, पण मोजणी फसवते. पहिल्या वेळी डेटा वायरवरून येतो, दुसऱ्या वेळी मेमरीतून. पहिलाच आकडा खरा धरा, आणि पुन्हा मोजताना प्रोग्राम बंद करून उघडा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवर तेच टेबल उघडं ठेवून मोजा. टेबल एकट्याने उघडलेलं असतं तोवर विंडोज ते स्थानिक कॅशमध्ये ठेवू शकतं. दुसऱ्याने लिहिण्यासाठी उघडलं की त्या कॅशवर भरवसा ठेवता येत नाही आणि पुन्हा सर्व्हरकडे जावं लागतं. "सकाळी दुकान उघडल्यावर जलद असतं, अकरानंतर हळू होतं" ही तक्रार बहुतेक वेळा एवढ्याचीच असते. रविवारी रिकाम्या दुकानात केलेली चाचणी म्हणून खोटी ठरते.

टेबलं दर फॉर्मला उघडू-बंद करू नका. नेटवर्कवर एक यूज म्हणजे डीबीएफ, सीडीएक्स, असेल तर एफपीटी (लांब मजकुराची मेमो फाइल), आणि डेटाबेस कंटेनर, इतक्यांची उघडझाप. प्रोग्राम सुरू होताना मुख्य टेबलं उघडा आणि संध्याकाळपर्यंत उघडी ठेवा. ईएक्सई प्रत्येक कॉम्प्युटरवर स्थानिक ठेवा. सिस(२०२३) टेम्प फोल्डर दाखवतं. ते सर्व्हरवर निघालं तर प्रत्येक कर्सर वायरवरून जाऊन परत येतोय असं समजा, आणि कॉन्फिग फाइलमध्ये टीएमपीफाइल्स स्थानिक डिस्कवर वळवा. अँटिव्हायरसमधून डीबीएफ, सीडीएक्स, एफपीटी वगळा.

शेतकऱ्यांचं टेबल ३,००० नोंदींचं, २०० बाइटची नोंद धरली तरी ६०० केबी. ते सकाळी एकदाच स्थानिक कर्सरमध्ये आणा आणि नावाचा शोध तिथेच करा. एवढ्याशा कर्सरवर डॉलर चिन्हही चालतं. नावं मराठी फाँटमध्ये असतील तर मात्र अप्परपासून लांब राहा. फॉक्सप्रोला युनिकोड कळत नाही. जुन्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या कोडवरच मराठी आकार बसवलेले असतात. अप्पर लावलं की लहान 'ए' चा कोड मोठ्या 'ए' चा होतो आणि पडद्यावर काना-मात्रा बदलून भलताच शब्द दिसतो. रिप्लेस ऑल नाव विथ अप्पर(नाव) ही एक ओळ अख्ख्या गावाची नावं बिघडवते, आणि परत फिरायला बॅकअपशिवाय वाट नसते.

आता लिहिण्याची बाजू. हंगामात काट्यावरून पट्ट्या धडाधड येतात तेव्हा खरी कोंडी इथेच होते. अपेंड ब्लँक करून नंतर आठ वेळा रिप्लेस केलं, तर आधी कोरी नोंद टॅगमध्ये बसते आणि मग दर रिप्लेसला लॉक, लेखन आणि बदललेल्या टॅगची दुरुस्ती होते. इन्सर्ट इंटू हेच एका दमात करतं. जुनी नोंद बदलायची तर सगळी फील्ड एकाच रिप्लेसमध्ये घ्या. आणि नको असलेले टॅग काढा, कारण प्रत्येक टॅग म्हणजे प्रत्येक पट्टीमागे जास्तीचं लेखन.

रिप्लेसचा एक सापळा रकमा गिळतो. चालू वर्क-एरिया टेबलाच्या शेवटी, म्हणजे ईओएफवर असेल, तर रिप्लेस पट्टी.रक्कम विथ ... काहीही लिहीत नाही आणि चूकही दाखवत नाही. पट्टीची नोंद समोर असली तरी व्याप्ती चालू टेबलाची धरली जाते. शेवटी इन पट्टी लिहायची सवय लावा.

व्हेरिएबलचंही असंच. टेबलात 'भाव' नावाचं फील्ड आणि कोडमध्येही 'भाव' असेल, तर उजव्या बाजूला फील्ड जिंकतं. व्हेरिएबलच्या नावाआधी एम. लावा. त्याने फील्डमधला शोधही वाचतो, पण तो फायदा लहान, चूक टळण्याचा मोठा.

पट्टी क्रमांकासाठी गो बॉटम करून एक मिळवणं बंद करा. दोन मुनीम एकाच क्षणी बसले की दोन पट्ट्यांना एकच क्रमांक पडतो. एका नोंदीचं 'क्रमांक' टेबल करा: सेट रिप्रोसेस टू ५ सेकंड्स, आरलॉक() (नोंद लॉक करणं), यश आलं तरच आकडा वाचून एकने वाढवा, लगेच अनलॉक. लॉक मिळाल्यावरच वाचायचं, आधी वाचलेला आकडा शिळा असतो. ऑटोइंक फील्ड इथे नको, रद्द झालेल्या नोंदीमुळे क्रमांकात खंड पडतो आणि पट्टीपुस्तकात तो चालत नाही.

मॅक्रो, म्हणजे अँपरसँड चिन्ह लावून मजकुरातून बनवलेली आज्ञा, फेऱ्याच्या आत दरवेळी नव्याने कंपाइल होतो. तिथे नावाला कंस किंवा इव्हॅल्युएट() वापरा. पण स्कॅन फॉरच्या अटीत गणित उलटं आहे. तिथे मॅक्रो एकदाच उलगडतो आणि रशमोरला अट दिसते, इव्हॅल्युएट लिहिलं तर रशमोर आंधळा होतो. मजकूर जुळवताना साध्या व्हेरिएबलच्या शेवटी जोडत जाणं जलद, ऑब्जेक्टच्या प्रॉपर्टीत जोडत जाणं हळू. लोकलमध्ये जुळवून शेवटी एकदा प्रॉपर्टीत टाका.

लाईट जाणं हा मोंढ्यातला रोजचा विषय. सर्व्हरला यूपीएस हवाच, पण स्विचलाही हवा, हे विसरलं जातं. स्विच मेला की चारही कॉम्प्युटरचं अर्धवट लिहिणं तसंच राहतं. बिघाड दोन प्रकारचा होतो. सीडीएक्स बिघडला तर सीकला नोंद सापडत नाही, पण ब्राउझमध्ये ती दिसते. तिथे रीइंडेक्सवर विसंबू नका, ते बिघडलेल्या सीडीएक्सच्या माहितीवरूनच काम करतं. सगळे टॅग काढून नव्याने बांधणारा छोटा प्रोग्राम तयार ठेवा. टेबल डेटाबेस कंटेनरमध्ये असेल तर त्यात प्रायमरी की आणि संबंधही पुन्हा बांधायची सोय हवी.

दुसरा बिघाड डीबीएफच्या मथळ्याचा. फाइलच्या ४ ते ७ क्रमांकाच्या बाइटमध्ये नोंदींची संख्या असते, ८-९ मध्ये मथळ्याची लांबी, १०-११ मध्ये नोंदीची लांबी. फाइलच्या आकारातून मथळा वजा करून नोंदीच्या लांबीने भागा. उत्तर संख्येशी जुळलं नाही तर मथळा खोटं बोलतोय. फाइलची प्रत काढा, संख्या दुरुस्त करा, मग उघडा. आणि डीबीएफ, सीडीएक्स, एफपीटी यांतली कुठलीही एक फाइल २ जीबीच्या पुढे जात नाही. तुमची पट्टी १५४ एमबीवर आहे, म्हणजे ती चिंता आज नाही.

राहिला सी-शार्पचा प्रश्न. फॉक्सप्रो ९ डिसेंबर २००४ मधलं, सर्व्हिस पॅक २ हा २००७ चा, आणि मायक्रोसॉफ्टचा आधार जानेवारी २०१५ मध्ये संपला. पुढे कधीतरी बाहेर पडावं लागेल हे खरं. पण सी-शार्पने त्याच शेअर केलेल्या फोल्डरमधल्या डीबीएफ वाचल्या तर वायरवरचे बाइट तेवढेच राहतील. बदलायची ती साठवण, भाषा नंतर. डेटा पोस्टग्रेएसक्यूएल किंवा एसक्यूएल सर्व्हरमध्ये न्या आणि फॉक्सप्रोचे फॉर्म तसेच ठेवून एसक्यूएलएक्झेकने ओडीबीसीमार्गे (डेटाबेसशी जोडणाऱ्या ड्रायव्हरमार्गे) बोला. तिथे अट सर्व्हरच तपासतो आणि वायरवर फक्त उत्तर येतं. मूल्यं मात्र प्रश्नचिन्हाच्या पॅरामीटरने पाठवा, मजकुरात जोडून नव्हे. पण ३,००० फेऱ्यांचा फेरा तसाच ठेवला तर तिथेही रडाल, म्हणून वरचा सिलेक्ट आधी दुरुस्त करा.

हंगाम तोंडावर असेल आणि स्थलांतराला वेळ नसेल, तर मधला मार्ग आहे. सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉपची परवानापत्रं घेऊन चौघांना तिथेच प्रोग्राम चालवू द्या. मग वायरवरून फक्त पडद्याचं चित्र जातं, डीबीएफ सर्व्हरच्याच डिस्कवर वाचली जाते, आणि मुनिमाच्या कॉम्प्युटरची लाईट गेली तरी त्याचं सत्र सर्व्हरवर उघडं राहतं. त्या सर्व्हरला एसएसडी आणि १६ जीबी मेमरी द्या, आणि सिस(३०५०, १, ...) ने प्रत्येक सत्राचा बफर ६४ एमबीच्या आसपास बांधून ठेवा, नाहीतर प्रत्येक फॉक्सप्रो सगळी मेमरी आपलीच समजून बसतो.